दाराची आंतली बाजू

संसारांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कशानें बिघडली याचा शोध घेण्यापूर्वीं ती कोणीं बिघडविली याचा शोध घेण्याची आपणां सर्वांस खोड असते. आम्हीही या खोडीस अपवाद नाहीं, हें आरंभींच कबूल करून आजचा विषय वाचकांपुढें ठेवतों. विषय दिसावयास क्षुद्र आहे: कपाटाचें दार वांकडें कां होतें, आणि तें तसें होऊं नये म्हणून काय करावें. परंतु ज्या घरीं नवीं कपाटें करावयाचीं आहेत, किंवा जुन्या कपाटांस नवा साज चढवावयाचा आहे, त्या घरच्या मंडळींस तो क्षुद्र वाटणार नाहीं. आम्हांस तर तो बराच महाग पडला, आणि पैशांहून अधिक मोलाच्या गोष्टींत महाग पडला.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांची मुंज वैशाखांत व्हावयाची होती. त्या निमित्तानें माजघराची एक सबंध भिंत व्यापील असें कपाट करवून घ्यावें, म्हणजे पाहुण्यांचीं अंथरुणें, मोठीं भांडीं आणि बायकांचीं ठेवणींतलीं लुगडीं एके ठिकाणीं राहतील, असें घरांत ठरलें. उंची सात फूट, दारें चार. काम पंचवीस वर्षें आमच्याकडे येत असलेल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे सोंपविलें. त्यांनीं हिशेबाचा कागद पुढें ठेवला. त्यांत दारांच्या बाहेरच्या अंगास एक मिलिमीटर जाडीचें लॅमिनेट (ज्यास आपल्याकडे एका छापाच्या नांवावरून सर्रास ‘सनमायका’ म्हणतात) धरलें होतें, आणि आंतल्या अंगासही तेवढ्याच जाडीचें साधें पांढरें लॅमिनेट धरलें होतें. आम्हीं पेन्सिल हातीं घेतली आणि आंतल्या लॅमिनेटच्या रकमेवर रेघ मारली.

“आंतली बाजू कोण पाहणार आहे? तेथें तेलरंगाचे दोन हात द्या,” असें आम्ही म्हणालों.

मिस्त्री क्षणभर थांबले. “साहेब, दार दोन्ही अंगांनीं सारखें बांधलेलें बरें असतें. एकीकडूनच ओढलें कीं बाक धरतें,” एवढेंच ते म्हणाले. आम्हांस त्या वाक्यांत माल खपविण्याचा वास आला. काटकसर केल्याचें समाधान मनांत घोळवीत आम्हीं विषय संपविला.

मुंज यथासांग झाली. कपाटाची सर्वांनीं वाखाणणी केली. पुढें मृग लागला, आर्द्रा गेल्या, आणि श्रावण उजाडेपर्यंत चारही दारांचे मोकळे कोपरे, वरचे आणि खालचे, बोटभर बाहेर आले. मधला भाग आंत रुतून फळीस घासूं लागला. नेमकी त्याच आठवड्यांत घरीं मंगळागौर होती. जी येई ती सुवासीण आधीं त्या दारांकडे पाही. आम्हीं मिस्त्रींस बोलावून आणलें आणि चारचौघांदेखत, आतां आठवलें तरी लाज वाटते अशा शब्दांत, त्यांच्या कामाची संभावना केली. त्यांच्या मजुरीपैकीं कांहीं रक्कम आमच्याकडे राहिली होती. ती दार सरळ झाल्याशिवाय मिळणार नाहीं, असेंही सुनावलें. त्यांनीं आम्हीं मारलेल्या पेन्सिलीच्या रेघेची आठवण दिली नाहीं. “दिवाळीनंतर येऊन पाहतों,” म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

हें सर्व आमच्या आत्याबाई ऐकत होत्या. संध्याकाळीं आम्हांस जवळ बोलावून त्यांनीं विचारलें, “अरे, पापड उन्हांत घालून उलटला नाहीं तर काय होतें?”

“वाटीसारखा होतो.”

“कां होतो?”

“वरची बाजू आधीं वाळते म्हणून.”

“मग तुझ्या दाराची एक बाजू झांकलेली आणि दुसरी उघडी, त्याचा पापड न झाला तरच नवल! त्या बापड्याला कशाला बोललास?”

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून या विषयावर जें मिळेल तें वाचून काढलें, चार जाणत्या कारागिरांस विचारलें, आणि आत्याबाईंच्या पापडांत सगळें शास्त्र आहे अशी आमची खात्री झाली. तें शास्त्र आतां वाचकांस सांगतों.

लांकूड मेलें तरी त्याचें पाणी पिणें सुटत नाहीं. हवा ओली झाली कीं तें हवेंतील बाष्प शोषून फुगतें, हवा कोरडी झाली कीं तें बाष्प सोडून आकसतें. हें फुगणें-आकसणें सर्व दिशांनीं सारखें नसतें. ओलें लांकूड पूर्ण वाळेपर्यंत रेषांच्या आडव्या दिशेनें साधारणतः शेंकडा ३ ते १० इतकें आकसतें. रेषांच्या लांबीच्या दिशेनें मात्र शेंकडा अर्ध्याहूनही पुष्कळ कमी. प्लायवुडांत पातळ पापुद्रे एकावर एक, एक उभा तर एक आडवा, असे चिकटवितात आणि त्यांची संख्या विषम ठेवितात, ती याचसाठीं. शेजारचा पापुद्रा शेजाऱ्यास आवरून धरतो, आणि मधल्या पापुद्र्याच्या दोन्ही अंगांस सारखींच माणसें उभीं राहतात. समतोल हा प्लायवुडचा प्राण होय.

आतां लॅमिनेट म्हणजे काय तें पाहूं. तें मुळांत कागदच. फिनॉलच्या राळेंत भिजविलेले जाड तपकिरी कागद खालीं, आणि मेलामाइनच्या राळेंत भिजविलेला रंगीत वा नक्षीचा कागद वर, अशी चवड रचून तीस सव्वाशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेंत प्रचंड दाबाखालीं दाबतात. मग ती एकजीव होऊन कांचेसारखी कठीण होते. मेलामाइन हा पदार्थ लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८३४ सालीं प्रथम तयार केला. शंभर वर्षें त्याचा संसारास कांहीं उपयोग झाला नाहीं. अशा चवडींचा पहिला उपयोगही कपाटांसाठीं नव्हता. १९१२ सालीं अमेरिकेंत ओकॉनर व फेबर या दोघां गृहस्थांनीं विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजीं वापरावयास असा पदार्थ केला, आणि इंग्रजींत अभ्रकास ‘मायका’ म्हणतात म्हणून ‘मायकाच्या जागीं’ या अर्थीं त्याचें ‘फॉर्मायका’ असें नांव पडलें. आपल्या ‘सनमायका’च्या शेपटीसही तेंच अभ्रक चिकटलेलें आहे.

मूळ कागद असल्यामुळें लॅमिनेटही हवेप्रमाणें थोडें ताणतें व आकसतें. आणि त्याच्या लांबीच्या दिशेपेक्षां रुंदीच्या दिशेनें सुमारें दुप्पट. म्हणजे दाराच्या अंगावर आपण जें चढवितों तें निर्जीव कवच नव्हे. त्यास स्वतःची ओढ आहे. एका अंगास अशी ओढ असलेलें, बाष्प अडविणारें कवच, आणि दुसऱ्या अंगास बाष्प सहज आंत घेणारा तेलरंगाचा पातळ थर, अशी जोडी झाली म्हणजे पावसाळ्यांत आंतली बाजू फुगते, बाहेरची तितकी फुगत नाहीं, आणि दार धनुष्यासारखें वांकतें. पुस्तकें बांधणारास हें पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पुठ्ठ्याच्या बाहेरून कापड चिकटविलें कीं आंतून कागद चिकटविल्याशिवाय तो पुस्तक हातावेगळें करीत नाहीं. नाहीं तर पुठ्ठा उलटा वळतो.

कोणी म्हणेल, हा फरक किती असावयाचा? येथें थोडा हिशेब करूं. दार २१०० मिलिमीटर उंच व १८ मिलिमीटर जाड आहे असें समजा. आणि त्याची आंतली बाजू बाहेरच्या बाजूहून दहा हजारांत अवघी दोन भाग अधिक लांब झाली. सबंध उंचींत हा फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होतो. परंतु तेवढ्यानें दारास मध्यावर सुमारें ६ मिलिमीटरचा बाक येतो! तेंच दार निम्म्या उंचीचें असतें तर बाक निम्मा न होतां चौथाई, म्हणजे दीड मिलिमीटर झाला असता. तो डोळ्यांस दिसताही ना. बाक उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि जाडीच्या उलट प्रमाणांत घटतो. म्हणून स्वयंपाकघरांतील ओट्याखालचीं बुटकीं दारें एकाच अंगास लॅमिनेट लावूनही पुष्कळदां निभावून जातात, आणि तोच कारागीर, तोच माल असूनही शयनगृहांतील उंच दारें दगा देतात. हा हिशेब आम्हांस आधीं ठाऊक असता तर एका भल्या माणसाचा अपमान टळला असता.

आतां करावयाचें काय, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट फळीची निवड. उंच दारास आंत लांकडाच्या पट्ट्या भरलेलें ब्लॉकबोर्ड पुष्कळ कारागीर पसंत करतात. त्यांतील पट्ट्या दाराच्या उंचीच्या दिशेनें उभ्या याव्यात. आडव्या आल्या तर त्याचा सारा गुण गेला. प्लायवुड घेतल्यास तें दुकानांतच सपाट फरशीवर पाडून पाहावें, आणि कर्णाच्या दोन्ही टोंकांमध्यें सूत ताणून मध्यें फट दिसते काय तें तपासावें. फळी मुळांत वांकडी असेल तर लॅमिनेट तिला सरळ करणार नाहीं. फळी घरीं आणल्यावर भिंतीस टेकून उभी करूं नये. सपाट जागीं, खालीं सारख्या अंतरावर पट्ट्या देऊन, आडवी ठेवावी.

दुसरी गोष्ट ओळख. फळ्या आणि लॅमिनेटचे तक्ते ज्या खोलींत काम व्हावयाचें त्याच खोलींत निदान दोन-तीन दिवस एकत्र राहूं द्यावेत, म्हणजे दोहोंचा ओलावा त्या हवेशीं जुळतो. पावसांत भिजत आलेल्या टेम्पोंतून उतरविलेला तक्ता संध्याकाळींच चिकटविण्याची घाई करूं नये. साधल्यास हें काम दसऱ्यानंतर काढावें. कोंकणांत व मुंबईस तर भर पावसाळ्यांत काढूंच नये.

तिसरी गोष्ट, जी सर्वांत महत्त्वाची, ती समतोलाची. दोन्ही अंगांस सारख्या जाडीचें लॅमिनेट असावें. आंतलें साध्या रंगाचें व स्वस्त असलें तरी चालेल, परंतु बाहेर एक मिलिमीटर आणि आंत त्याहून फार पातळ अस्तर, ही उंच दाराच्या बाबतींत खोटी काटकसर होय. दोन्ही तक्त्यांची लांबीची दिशाही एकच असावी. उरलेला तुकडा आडवा बसतो म्हणून आंतल्या बाजूस आडवा लावला, तर दोन्ही अंगें एकमेकांशीं भांडत राहतात. तक्त्याच्या पाठीवर घासल्याच्या बारीक रेघा असतात; त्यांवरून तुकड्याची मूळ दिशा ओळखतां येते.

चौथी गोष्ट चिकटविण्याची. पांढऱ्या डिंकांत सुमारें निम्में पाणी असतें, आणि तें पाणी फळीच्याच पोटांत जातें. म्हणून तो पातळ व सर्वत्र सारखा पसरावा, आणि दोन्ही अंगांचें काम एकाच बैठकींत उरकावें. एक बाजू आज व दुसरी चार दिवसांनीं असें केल्यास मधल्या काळांत फळी बाक धरून बसते. मग फळ्या सपाट जागीं एकावर एक रचून वर जाड पाट ठेवावा व त्यावर वजन द्यावें. वजन सर्वत्र सारखें पडावें, मध्यावरच पडूं नये. चोवीस तास त्यांस हात लावूं नये. मुलांनीं त्या ढिगावर बसून पत्ते खेळूं नयेत हेंही पाहावें. आमच्या घरीं हा उपदेश व्यर्थ गेला.

पांचवी गोष्ट कडांची. दोन्ही चेहरे झांकले आणि कडा उघड्या राहिल्या, तर बाष्प त्या वाटेनें शिरतें. चारही कडांस पट्टी बसवावी. वरची कड उंचीमुळें दिसत नाहीं आणि खालची वांकल्याशिवाय दिसत नाहीं, म्हणून त्या दोन सोडून देण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आढळते. पण फरशी पुसतांना पाणी लागतें तें खालच्या कडेसच. बिजागऱ्यांसाठीं पाडलेल्या भोंकांच्या आंतही रंगाचा वा रोगणाचा एक हात द्यावा.

बिजागऱ्यांची संख्याही कमी करूं नये. तीन फुटांपर्यंतच्या दारास दोन पुरतात, सुमारें सव्वापांच फुटांपर्यंत तीन, साडेसहा फुटांपर्यंत चार, आणि त्याहून उंच दारास पांच घालाव्यात. दोन्ही अंगांस लॅमिनेट असलेलें सात फूट उंच व दीड फूट रुंद दार सुमारें तेरा किलो भरतें. त्याचा भार वांटला गेला पाहिजे. मात्र बिजागरी दाराची एकच कड धरून ठेवते. मोकळ्या कडेचा बाक तिच्यानें निघत नाहीं. म्हणून ‘बिजागरी आवळून देतों’ असें कोणी म्हटल्यास फारशी आशा धरूं नये.

आतां एका निराळ्या प्रसंगाविषयीं. हल्लीं पुष्कळ घरीं कारखान्यांतूनच मेलामाइनचा कागद दोन्ही अंगांस दाबून आलेल्या तयार फळ्यांचीं कपाटें असतात. त्यांचा रंग उडाला किंवा मनांतून उतरला म्हणजे त्यांवरच नवें लॅमिनेट चढवावें अशी इच्छा होते. तसें करतां येतें; पण दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. ही फळी कारखान्यांतून समतोल होऊन आलेली असते. तिच्या एकाच अंगास नवें लॅमिनेट लावणें म्हणजे तो समतोल आपल्या हातानें मोडणें होय. लावावयाचें तर दोन्हीकडे लावावें, नाहीं तर लावूं नये. दुसरें असें कीं, मेलामाइनचा पृष्ठभाग पाणी पीत नाहीं. म्हणून त्यावर पांढरा डिंक नीट वाळतही नाहीं आणि धरतही नाहीं. आधीं जुना पृष्ठभाग पॉलिशकागदानें घासून त्याची चमक सर्वत्र घालवावी, धूळ व स्वयंपाकघरांतील तेलकटपणा पुसून काढावा, आणि मग रबराचा डिंक, म्हणजे जो दोन्ही पृष्ठभागांस लावून बोटास चिकटेनासा होईपर्यंत वाळूं देतात तो, वापरावा. हा डिंक एकदां टेकला कीं सुटत नाहीं. म्हणून मध्यें बारीक काठ्या ठेवून तक्ता जागेवर आणावा, आणि मधून कडेकडे एक-एक काठी काढीत रुळानें दाबीत जावें. या डिंकाची वाफ पेट घेते व डोक्यासही चढते. सबब खिडक्या सताड उघडाव्यात, आणि जवळपास देवघरांतील निरांजनसुद्धां तेवत ठेवूं नये.

शेवटीं, दार आधींच वांकलें असेल तर काय? भर पावसाळ्यांत घाईनें दुसऱ्या अंगास लॅमिनेट लावूं नये. तसें केल्यास फळींतील ओलावा आंत कोंडला जातो आणि बाकही कायम होतो. हवा कोरडी होईपर्यंत थांबावें. दार आपोआप बरेंच सरळ झालें तर तें उतरवून आंतला तेलरंग पूर्ण खरवडावा, कारण रंगावर लावलेलें लॅमिनेट रंगासकट सुटतें; आणि मग बाहेरच्याइतक्याच जाडीचें लॅमिनेट लावावें. तरीही बाक उरला तर आंतल्या अंगास उभी धातूची पट्टी बसवून ती स्क्रूनें ताणण्याची युक्ति आहे. तीही न साधल्यास उंच दाराचीं दोन बुटकीं दारें करावींत. वर सांगितलेला वर्गाचा हिशेब मग आपल्या बाजूचा होतो.

आमच्या घरीं काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि मार्गशीर्षांत तींच दारें, कोणीं हात न लावतां, जवळजवळ जागीं आलीं. मिस्त्री मात्र आले नाहींत. तेव्हां आम्हीच त्यांच्या घरीं गेलों. उरलेली मजुरी आणि आम्हीं पेन्सिलीनें खोडलेली रक्कम, दोन्ही त्यांच्यापुढें ठेवलीं, आणि “चूक आमची होती, तुम्हीं सांगितलें होतें, आम्हीं ऐकलें नाहीं,” असें म्हणालों. त्यांच्या सूनबाईंनीं चहा आणला. मिस्त्रींनीं मजुरी घेतली. दुसरी रक्कम परत सरकवली. “ही माल आणतांना द्या,” म्हणाले. मग थोड्या वेळानें म्हणाले, “पण साहेब, तें चारचौघांत बोललात, तेवढें त्या चौघांनाही सांगा.”

माघांत काम पुरें झालें. त्या दिवशीं आम्हीं घरच्या सर्व मंडळींस आणि मंगळागौरीच्या दिवशीं हजर असलेल्या शेजारच्या दोन घरांस चहास बोलावून झालेली हकीकत जशीच्या तशी सांगितली. पुढचा पावसाळा आला व गेला. चारही दारें फळीशीं सरळ मिटतात. आत्याबाई येतां-जातां एखादें उघडून आंतल्या पांढऱ्या बाजूवरून हात फिरवितात, आणि आमच्याकडे पाहून कांहीं बोलत नाहींत.